तिप्पट गाजलं, दुप्पट राहून गेलं : ठाण्याच्या गच्चीवरून एक खुलं पत्र

प्रति,
ऊर्जेच्या प्रश्नावर देशाच्या वतीने परदेशांशी बोलणी आणि करार करणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि आता आमच्या सोसायटीची सचिव आहे, अर्थात बिनपगारी. दोन विंग, सात मजले, छप्पन्न फ्लॅट. आपल्याला पत्र लिहायचं मला खरं तर काही कारण नव्हतं. पण गच्चीवर सोलर बसवायच्या निमित्ताने गेल्या दोन वर्षांत जे वाचलं, मोजलं आणि ऐकून घेतलं, ते आपल्या कानावर घालावंसं वाटलं. इथल्या मंडळींना सांगून झालं. ते म्हणाले, हे दिल्लीचं काम.

बँकेत आम्ही दोन शब्दांत कधी गल्लत होऊ दिली नाही : सँक्शन आणि डिस्बर्समेंट. कर्ज मंजूर झालं की गिऱ्हाईक पेढे घेऊन यायचं. पण पैसे खात्यात पडेपर्यंत ते मंजुरीपत्र म्हणजे नुसता कागद. तारण अपुरं, विम्याची पावती नाही, जामीनदाराची सही राहिली, अशी कितीतरी मंजूर कर्जं फायलीतच जुनी होताना मी पाहिली आहेत. देशादेशांतल्या ऊर्जा सहकार्याच्या बातम्या वाचताना मला सारखे ते पेढे आठवतात.

2023 च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत शंभराहून अधिक देशांनी एक प्रतिज्ञा केली. 2030 पर्यंत जगाची नवीकरणीय वीजक्षमता तिप्पट करून किमान 11,000 गिगावॉटवर न्यायची, आणि ऊर्जा कार्यक्षमता (तेच काम कमी ऊर्जेत करणं) सुधारण्याचा वेग वर्षाला सुमारे दोन टक्के आहे तो चार टक्क्यांच्या वर, म्हणजे दुप्पट करायचा. भारताने त्यावर सही केली नाही, चीननेही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या मसुद्यात नव्या कोळसा प्रकल्पांतली गुंतवणूक थांबवण्याची भाषा होती, आणि ज्यांनी दीड-दोन शतकं कोळसा जाळून घरं भरली त्यांनी ती आपल्याला ऐकवावी हे मलाही पटत नाही. शिवाय सही न करता आपण बरंच करून दाखवलं. 2025 च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणारी झाली, ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. (क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी; विजेचा निम्म्याहून बराच जास्त भार अजून कोळसाच वाहतो. आपल्याला हे सांगायला नको, पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही एकच करून फिरतं.)

तक्रार आहे ती दुसऱ्या आकड्याची. तिप्पट सगळ्यांनी उचललं. पेपरांनी, पुढाऱ्यांनी, गेटवर पत्रकं वाटणाऱ्या सोलरवाल्यांनी. दुप्पट कुणाच्या तोंडीच आलं नाही. यात थोडा फोटोचाही भाग असावा. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या माळावर 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेच्या कर्जावर. तो ड्रोनमधून काढला की निळ्या शेतासारखा दिसतो, आणि कर्ज देणाऱ्यालाही आपला पैसा कुठे गेला ते दाखवता येतं. न जाळलेल्या युनिटचा फोटो कसा काढणार? फीत कुठे बांधणार?

आता आमच्या गच्चीवर येते.

वार्षिक सभेत सोलरचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारला, ‘मग कोजागिरीचं दूध कुठे आटवायचं?’ लोक हसले. पण प्रश्न रास्त होता, कारण गच्ची छप्पन्न घरांची आणि पॅनल एकदा बसली की पंचवीस वर्षं हलत नाहीत. सातव्या मजल्यावरच्यांनी विचारलं, ‘गळती लागली तर जबाबदार कोण?’ त्यालाही मी त्या दिवशी हसून उत्तर दिलं आणि ते मला पुढे चांगलंच महागात पडलं. पहिल्या ठेकेदाराच्या माणसांनी स्ट्रक्चरचे पाय बसवायला सरळ स्लॅबमध्ये ड्रिल घातलं. चार वर्षांपूर्वी वर्गणी काढून केलेलं वॉटरप्रूफिंग सोळा ठिकाणी भोसकलं गेलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात 702 च्या बेडरूममध्ये छतावर चहाच्या डागासारखं वर्तुळ उमटलं, आणि त्या घरातल्या गृहस्थांनी मला वर नेऊन पलंगावर ठेवलेली बादली दाखवली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या ठेकेदाराने छिद्रं बुजवून सगळं स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, नुसत्या वजनावर उभं केलं. हे आधीही करता आलं असतं. सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

तरी शेवटी 18 किलोवॉट बसले. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिश अँटेने आणि कोजागिरीसाठी राखलेला पूर्वेकडचा कोपरा सोडला तर त्याहून जास्त बसणारच नव्हते. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि रोजचे सरासरी चार युनिट मिळतात, तेव्हा आमचा हिशोब दिवसाला 72 युनिट. खर्च साडेनऊ लाख. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात, म्हणजे 3 लाख 24 हजार. उरले सव्वासहा लाख, ते सिंकिंग फंडाला (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या पैशांना) हात न लावता मासिक वर्गणीतून उभे केले. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल पार खाली आलं. जुलैमध्ये एका दिवशी जेमतेम 11 युनिट तयार झाले तेव्हा खजिनदारांनी मला मोबाइलवर तो आकडा दाखवून भुवया उंचावल्या, पण ठाण्याच्या पावसाला मी काय करू?

याच काळात घरी एक पंखा जळला आणि नवा घ्यायला मी नौपाड्यात गेले. दुकानदाराने बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा दाखवला. जुना पंखा 75 वॉट घेतो, हा 30. तीन हजारांना. मी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला (सवय जात नाही). 45 वॉटची बचत, दिवसाचे बारा तास पंखा चालतो, म्हणजे एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, 0.54. आमच्या सोसायटीत घरटी चार पंखे धरले तर 224. त्यांची रोजची बचत होते 121 युनिट. सगळे पंखे बदलायला 6 लाख 72 हजार.

आता हे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. अनुदान वजा जाता सव्वासहा लाखांत गच्चीवर 72 युनिट. पावणेसात लाखांत छताच्या आतल्या बाजूला 121 युनिट, तेही पावसाळ्यात न आळसावता, सूर्य मावळल्यावरसुद्धा, स्लॅबला एकही भोक न पाडता. तेवढेच युनिट पॅनलवर मिळवायचे तर 30 किलोवॉट लागले असते, तीन हजार चौरस फूट. तेवढी गच्ची आमच्याकडे नाहीच.

मग आम्ही पंखे का बदलले नाहीत? कारण गच्ची सोसायटीची, पंखा सभासदाचा. सोसायटीला सामाईक मीटरवर खर्च करता येतो, घराघरातल्या मीटरवर नाही. बनवलेल्या युनिटला अनुदान आहे, गच्चीवरची वीज बिलातून वळती करणारा नेट मीटर आहे, ठेकेदार आहे, पोर्टल आहे. वाचवलेल्या युनिटला यातलं काही नाही. दहा रुपये युनिट धरलं तर दोन वर्षांत पंख्याचे पैसे निघतात, हे मी सभेत फळ्यावर लिहून दाखवलं. एकाने विचारलं, ‘मॅडम, जुना चालू पंखा काढून टाकायचा?’ तिथे विषय संपला. चालू वस्तू टाकायची नाही हा आपला संस्कार, त्याच्याशी मी काय भांडणार.

आपल्याला वाटेल, यात परराष्ट्र धोरणाचा काय संबंध? आहे. एलईडी बल्बचं उदाहरण आठवून पाहा. निळ्या एलईडीच्या शोधासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना. त्याच सुमाराला आपल्या ईईएसएल या सरकारी कंपनीने बल्बची घाऊक खरेदी सुरू केली. 2014 मध्ये एक बल्ब 310 रुपयांना पडत होता, दोन वर्षांत तो 38 रुपयांवर आला. शोध परका, किंमत पाडण्याची युक्ती आपली. वीजबिल दाखवून रांगेत उभं राहून मी स्वतः ते बल्ब आणले आहेत. पुढे 2017 मध्ये हीच स्वस्त बल्बची ‘उजाला’ योजना मलेशियातल्या मलाक्का राज्यात गेली. शास्त्र पूर्वेकडून आलं, व्यवहार पूर्वेला परत गेला, आणि मधल्यामध्ये आमच्या जिन्यातले साठ वॉटचे पिवळे दिवे कायमचे उतरले. याला मी डिस्बर्समेंट म्हणते.

पंख्यांना 2023 पासून स्टार लेबल सक्तीचं झालं, त्याच वर्षी ईईएसएलने एक कोटी पंख्यांची योजनाही जाहीर केली. आमच्या छप्पन्न घरांत त्यातला एकही मला दिसलेला नाही. बंगालच्या उपसागरापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत सगळीकडे छताला पंखाच फिरतो. आंतरराष्ट्रीय सौर आघाडी आपण 2015 मध्ये पॅरिसला फ्रान्सबरोबर काढली, मुख्यालय गुरुग्रामला आणलं; तिच्या बैठकांना येणारे बहुतेक देश उष्ण पट्ट्यातले. पन्नास देशांनी मिळून पंख्यांची एक ऑर्डर दिली तर भाव कुठे जाईल, हे बल्ब खरेदी केलेल्या माणसांना वेगळं सांगायला नको. आघाडीचं नाव सौर आहे म्हणून पंखा तिच्या कक्षेत बसत नाही, असं कुणी म्हणेल. पण सोलरवर चालणाऱ्या घरात पंखा निम्म्या विजेवर फिरला तर पॅनलही कमी लागतं आणि बॅटरीही.

दुसरी गोष्ट भिंतीची.

माझी मुलगी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहते. हॉल आणि मोठी बेडरूम पश्चिमेला. घर घेताना ‘सनसेट व्ह्यू’चे वेगळे पैसे मोजले होते. एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेले असताना रात्री नऊ वाजता सहज भिंतीला हात टेकला. नुकत्याच उतरवलेल्या पोळीच्या तव्यासारखी नाही, पण कुकरची वाफ गेल्यावर झाकण असतं तशी कोमट. सूर्य जाऊन दोन तास झाले होते. बाहेर येऊरच्या डोंगराकडून वारा सुटला होता, आणि आत एसी 24 वर ठेवूनही धापा टाकत होता. मी भिंतीवर बोट वाजवून पाहिलं, विटेचा आवाज येत नव्हता. जावई म्हणाले, ‘आई, ही मायव्हानची भिंत आहे.’ अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकदम ओतायच्या, आठवड्याला एक मजला उभा करायचा. काम झपाट्याने होतं, पण भिंत सहा इंची काँक्रीटची. आठ इंची सिपोरेक्सच्या, म्हणजे त्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, त्याच्या चौपटीच्या आसपास या भिंतीतून येते.

मग मी टेप मागवला. घर 610 चौरस फूट कार्पेट. खिडक्या आणि गॅलरीचा काचेचा दरवाजा मिळून 128 चौरस फूट. दिसायला भरपूर. पण सगळं स्लायडिंग, एक पान सरकवलं की दुसऱ्यामागे जातं, म्हणजे उघडतं निम्मंच. 64. नौपाड्यातल्या ज्या जुन्या वाड्यात मी वाढले तिथे खिडकीला दोन्ही दारं बाहेर उघडायची, वर झडप असायची, बाहेर हातभर छज्जा. पंखा एकच होता, तोही पाहुणे आले की लावायचा. आठवणीत सगळंच गार वाटतं हे मला कळतं, म्हणून मी टेपवर भरवसा ठेवला.

हे सगळं मोजताना मला कल्पना नव्हती की यासाठी एक सरकारी संहिता आहे. ऊर्जा दक्षता ब्युरो आणि स्वित्झर्लंडची विकास सहकार्य संस्था यांनी 2011 ते 2021 अशी दहा वर्षं इमारतींच्या ऊर्जेवर एकत्र काम केलं, आणि त्यातून 2018 च्या डिसेंबरात घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आली. ती मी वाचली. इंग्रजीत, मराठीत मला मिळाली नाही. त्यात एक आकडा आहे : भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॉटच्या वर जाऊ द्यायची नाही. दुसरा आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसले. उष्ण-दमट हवेच्या शहरांत उघडणारी खिडकी कार्पेटच्या किमान 16.66 टक्के असावी. एक षष्ठांश. म्हणजे मुलीच्या घराला सुमारे 102 चौरस फूट. आहे 64.

आल्प्सच्या बर्फातली माणसं आमच्या दमट हवेचा विचार करून गेली, आणि त्यांनी जे लिहिलं ते माझ्या आजोबांच्या खिडकीशी जुळतं. याचं मला खरंच कौतुक वाटलं. राजकोटला ‘स्मार्ट घर 3’ नावाच्या परवडणाऱ्या घरांच्या वसाहतीत, 1,176 घरांत, याच प्रकल्पाने एएसी ब्लॉकच्या भिंती, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या आणि इमारतीच्या मधल्या डक्टमधून हवा वर खेचण्याची रचना करून दाखवली. गरिबांच्या घरात. आणि इकडे सनसेटचे पैसे मोजलेल्या घरात भिंत कोमट.

ती संहिता मुलीच्या इमारतीला लागू होती की नव्हती हा कायद्याचा किस पाडायचा प्रश्न आहे आणि मी तो पाडणार नाही. 2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारती ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या, हेही मला माहीत आहे. मला एवढंच विचारायचं आहे, की नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर हे 15 वॉट आणि 16.66 टक्के कोण तपासतं? त्या टेबलावरच्या कनिष्ठ अभियंत्याला कुणी हे गणित शिकवलं? करार करणाऱ्यांच्या स्वित्झर्लंडच्या फेऱ्या झाल्या असतील, त्याबद्दल असूया नाही. पण या सगळ्या साखळीत राजकोटला जाऊन त्या खिडक्या बघण्याची सगळ्यात जास्त गरज होती ती याच माणसाला. ठाण्याहून राजकोट एका रात्रीच्या गाडीचा प्रवास आहे.

असंच आणखी एक प्रकरण. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भारतातल्या पाच शहरांत सामुदायिक शीतकरणाची चाचपणी करवून घेतली : भोपाळ, कोईमतूर, पुणे, राजकोट आणि ठाणे. एका ठिकाणी पाणी थंड करायचं आणि जमिनीखालच्या पाइपातून आसपासच्या इमारतींना पुरवायचं, घराघरात वेगळा एसी नको. गुजरातच्या गिफ्ट सिटीत अशी यंत्रणा चालू आहे. आमच्या शहराचं नाव एका जागतिक अहवालात आहे आणि इथल्या हजारो सोसायट्यांपैकी कुणाला ते ठाऊक नाही. मी आमच्या विभागातल्या सात-आठ सचिवांना विचारलं. एकाने विचारलं, ‘त्याचं टेंडर निघालंय का?’

एसीचा विषय निघालाच आहे तर एका मेकॅनिकची गोष्ट. आमच्याकडे सर्व्हिसिंगला येणारा मुलगा हुशार, हात चांगला. जुना एसी काढताना त्याने नट ढिला केला आणि गॅस सरळ हवेत सोडून दिला, फुस्स करून. मी म्हटलं, अरे, हा कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा दोन हजार पट उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. (आर-410ए होता, यंत्रावर लिहिलेलं.) तो म्हणाला, ‘काकू, गॅस परत भरून घ्यायचं रिकव्हरी मशीन कुणाकडे असतं?’ ओझोनचा थर वाचवण्यासाठी असले वायू आवरणारा मॉन्ट्रियलचा 1987 चा करार जगात सगळ्यात यशस्वी मानतात. मला वाटतं त्याचं मोठं कारण हे, की त्यात वेळापत्रक होतं आणि गरीब देशांना यंत्रं बदलायला पैसे देणारा निधी होता. मंजुरी आणि वाटप एकाच फायलीत. त्यातूनच भारतात मेकॅनिकांसाठी प्रशिक्षणवर्ग झाले, आणि जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी सहकार्य संस्थेच्या मदतीने गोदरेजने 2012 मध्ये प्रोपेन गॅसवर चालणारे एसी बाजारात आणले. आता त्याच करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने आर-410ए, आर-32 सारखे वायू कमी करायचे आहेत आणि आपण 2021 मध्ये त्याला संमती दिली आहे. तो मशीनचा प्रश्न तेवढा सोडवा. मशीन फार महाग असेल तर दहा मेकॅनिकांमध्ये एक चालेल.

आपण म्हणाल, वीज पुरेशी तयार केली की असल्या बारक्या गोष्टींत शिरायची गरज काय? त्याचं उत्तर आम्हाला 12 ऑक्टोबर 2020 ला मिळालं. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेलं. बिघाड कळवा-पडघे दरम्यानच्या 400 केव्हीच्या वाहिन्यांशी जोडलेला होता, म्हणजे आमच्या अगदी उशाशी. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे दिवस होते, आणि आमच्या बी विंगच्या लिफ्टमध्ये दूधवाला पाऊण तास अडकला. राज्यात वीज नव्हती असं नव्हे. ती या महानगरात आणणारे रस्ते मोजके आहेत. नवी लाइन म्हटली की खाडी आली, खारफुटी आली, कुणाचं तरी शेत आलं, आणि वर्षं आली. 1915 पासून घाटावरचं पाणी मुंबईसाठी वीज देतं आहे, ती वीज स्वच्छच होती. पण 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच स्वच्छ विजेच्या धरणाविरुद्ध. पंख्यात वाचलेल्या युनिटला टॉवर लागत नाही आणि कुणाची जमीनही जात नाही.

एक मागणी राहिली. आमच्या नैऋत्येला जुनी सोसायटी पाडून बत्तीस मजली टॉवर उभा राहतो आहे. डिसेंबरात अडीचनंतर आमच्या निम्म्या पॅनलवर त्याची सावली येईल, असं ठेकेदाराने मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दाखवलं. पंचवीस वर्षांसाठी घातलेले पैसे, आणि सूर्य शेजाऱ्याच्या पुनर्विकासावर अवलंबून! जपानमध्ये 1976 साली इमारत कायद्यातच मर्यादा घातली, की उंच इमारतीची सावली शेजाऱ्याच्या जागेवर दिवसातून ठरावीक तासांपेक्षा जास्त पडता कामा नये. तिथे ते उन्हासाठी, कपडे वाळण्यासाठी, राहण्याच्या सुखासाठी होतं. पॅनल तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. जपानबरोबर आपले इतके करार होतात, बुलेट ट्रेन तर आमच्या जिल्ह्यातूनच जाते आहे. त्या करारांच्या ढिगात हे एक कलम आणता येईल का? ठाण्यात आज प्रत्येक गल्लीत एक इमारत पडते आहे आणि एक वाढते आहे. अनुदान देऊन बसवलेली पॅनल पाच वर्षांत सावलीत गेली तर तो आपल्याही हिशोबात तोटाच.

मी कर्ज विभागातली आहे, मोठ्या रकमांना घाबरत नाही. गिगावॉट आणा, जर्मनीकडून कर्ज आणा, जागतिक बँकेकडून आणा, समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी डेन्मार्कशी बोला. फक्त पुढच्या वेळी परदेशी शिष्टमंडळासमोर बसाल तेव्हा एक तास मोठ्या आकड्यांना द्या आणि एक तास पंखा, खिडकी, रिकव्हरी मशीन आणि सावली यांना. त्या बैठकीत जे ठरेल ते पंधरा दिवसांत मराठीत छापून महापालिकेच्या नगररचना विभागात आणि सोसायट्यांच्या सूचना फलकावर लावा. आमच्या फलकाची चावी माझ्याकडेच असते.

आमची वार्षिक सभा कायद्याप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पंख्यांच्या सामूहिक खरेदीचा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. विषयपत्रिकेवर तो सातवा आहे, लिफ्टच्या एएमसीनंतर (वार्षिक देखभालीच्या करारानंतर) आणि कुत्र्यांच्या विषयाच्या आधी. कुत्र्यांचा विषय आला की सभा मोडते, त्यामुळे सातवा येईपर्यंत माणसं जागेवर असतील. 224 पंख्यांना घाऊक दर काय पडेल एवढं जरी 15 सप्टेंबरपर्यंत कळलं, तरी मला फळ्यावर लिहिता येईल.

आपली,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था
वर्तकनगर, ठाणे